वाचकांचे प्रश्न : अर्ध्या मारुतीचा ट्रेलर

प्रश्न : वडिलांची १९९८ सालची मारुती ८०० घरामागच्या शेडमध्ये सहा वर्षे उभी आहे. इंजिन जाम झाले आहे, मागची बाजू मात्र अजून धडधाकट आहे. पुढचा भाग कापून टाकावा, मागच्या भागाचा दोघांना झोपता येईल असा ट्रेलर घरीच करावा आणि तो आमच्या आताच्या गाडीला जोडून मोले, चोर्ला, काणकोण असे फिरावे, असा भावाचा आणि माझा बेत आहे. भावाला वेल्डिंग येते. हे जमेल का, आणि सुरुवात कुठून करावी? (एक वाचक, म्हार्दोळ)

उत्तर : गाडीची निवड योग्य आहे. मारुती ८०० ची ओढ पुढच्या चाकांना असल्यामुळे मागची चाके नुसती फिरतात. त्यांच्यामध्ये ना डिफरन्शियल (इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटणारी पेटी), ना शाफ्ट. जुनी फियाट किंवा ओम्नी असती तर मागच्या धुऱ्यावरचे (अ‍ॅक्सलवरचे) ते जड लोढणे विनाकारण ओढत बसावे लागले असते. शिवाय मारुतीचा हँडब्रेक मागच्या ड्रमवर चालतो, म्हणजे केबल नीट ठेवली तर ट्रेलर उभा करण्याचा ब्रेक आयताच मिळतो. कारागिरीच्या बाजूने पाहिले तर बेत जमण्यासारखा आहे. मात्र सुरुवात ग्राइंडरने करू नका, आरटीओच्या खिडकीपासून करा.

त्याचे कारण सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे आणि त्याची नोंदणी वेगळी करावी लागते. वडिलांच्या गाडीचे नोंदणीपत्र अर्ध्या गाडीला चालणार नाही. याच कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच कलम कसोशीने लावले आहे. त्यातच केंद्रीय नियमांनुसार ट्रेलरचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. हे काम कारखानदाराचे असून घराच्या शेडमध्ये एकच नग बनवणाऱ्याला ते पेलणे फार कठीण आहे. विनानोंदणीचा ट्रेलर घेऊन फोंड्याच्या नाक्यापर्यंत कुणी अडवणार नाही कदाचित, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि मग सारा बोजा तुमच्यावर येईल. गाडी कापणार असाल तर ती वापरातून गेल्याचे चौदा दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवून नोंदणी रद्द करून घेणे हीही मालकाचीच जबाबदारी आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, आरटीओने लेखी होकार दिला नाही तर हा ट्रेलर कुळागरातली, म्हणजे पोफळीच्या बागेतली, झोपण्याची खोली म्हणूनच बांधावा. पोफळींच्या सावलीत, पाटाच्या कडेला, स्वतःच्या जमिनीत तो चार चिऱ्यांवर उभा राहिला तर त्याला आरटीओची नोंदणी लागत नाही, आणि पाहुणे आले की त्याचा खरा उपयोग होतो. रस्त्यावर फिरायचेच असेल तर कागदपत्रे असलेला, मंजूर नमुन्याचा छोटा ट्रेलर विकत घेणे शहाणपणाचे. पुढचे तंत्र मात्र दोन्ही प्रकारांत सारखेच आहे, कारण कुळागरातल्या कच्च्या उतारावरही चाके चाकांसारखीच वागतात.

कापण्याआधी पेट्रोलची टाकी काढा. ती मागच्या भागातच असते, आणि सहा वर्षे पडून असलेली रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक, कारण तिच्यात वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते. टाकी, पेट्रोलच्या नळ्या आणि तळातले गालिचे शेडबाहेर गेल्याशिवाय ठिणगी उडू देऊ नये. बॅटरी तर आधीच काढलेली हवी.

आता कापायचे कुठे? इथेच बहुतेकांची चूक होते. मारुतीला ट्रकसारखी वेगळी चेसी (खालचा सांगाडा) नाही. तळ, उंबरे (दारांखालच्या कडा), खांब आणि छत मिळून जी बंद पेटी होते तीच तिची ताकद. पेटी कापली की ताकद बरीच कमी होते. मागचा धुरा ज्या पुढे-मागे जाणाऱ्या दांड्यांनी धरलेला असतो, त्या दांड्यांची पुढची टोके धुऱ्याच्या पुढे तळाला जोडलेली असतात. गाडीखाली टॉर्च घेऊन आडवे व्हा आणि ते बोल्ट स्वतः पाहा. माझ्या माहितीतल्या एकाने हौसेने मागच्या सीटच्या पुढ्यातच काप घातला. काप त्या बोल्टांना इतका लागून गेला की पहिल्याच खड्ड्यात तळाचा पत्रा कागदासारखा दुमडला. काप पुढच्या दाराच्या मागच्या खांबापुढे घ्या, आणि कापण्याआधी दोन्ही उंबऱ्यांच्या आत चौकोनी पाइप घालून दारांच्या जागी तिरपे आधार द्या. त्यानंतर त्याच पाइपांपासून पुढे निघणारी इंग्रजी ए अक्षराच्या आकाराची दांडी धुऱ्यापर्यंत मागे न्या. ती नुसती तळाच्या पत्र्याला चिकटवू नका.

मोजमापाचीही एक अडचण आहे. दाराच्या खांबापासून मागच्या दारापर्यंत सहा फूट भरत नाहीत, म्हणजे पाय पसरायला पुढे दीड-दोन फूट वाढवावे लागेल. हा वाढीव भाग मरीन प्लायचा करून त्यावर फायबरग्लास चढवून घ्या. होड्यांना फायबर लावणारे कारागीर गोव्याच्या किनाऱ्यावर आहेत आणि पाणी कुठून शिरते हे गॅरेजवाल्यापेक्षा त्यांना अधिक कळते. मागचे वर उघडणारे दार तसेच ठेवा, कारण त्याच्याखाली चहापाण्याचा कट्टा उत्तम होतो.

परंतु धुऱ्यामागे वजन टाकणारा तो कट्टाच तुमचा तोल बिघडवणार आहे. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या हुकावर यायला हवा. तो कमी झाला की ट्रेलर वेगात शेपटी हलवू लागतो आणि एकदा हलू लागला की गाडीलाही आपल्यासोबत फरपटत नेतो. समजा सामानासह ट्रेलर ४०० किलोचा आहे, तर हुकावर ४० ते ६० किलो असावेत. हुक धुऱ्यापासून दोन मीटर पुढे असेल आणि २० लिटरचा पाण्याचा कॅन धुऱ्याच्या एक मीटर मागे ठेवला, तर हुकावरचे १० किलो कमी होतात. तोच कॅन एक मीटर पुढे ठेवला तर १० किलो वाढतात. एकाच कॅनने २० किलोंचा फरक! घरातला माणसांचे वजन करायचा काटा सपाट जमिनीवर ठेवा, ट्रेलर आडवा समतल ठेवून दांडीचे टोक लाकडाच्या ठोकळ्यावरून त्यावर टेकवा, आकडा समोर येईल.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. तीस वर्षांपूर्वी मी एका स्नेह्याची दोनचाकी ट्रॉली मागून घेऊन चिरे आणत होतो आणि उतरवायला सोपे जावे म्हणून ते मागच्या फळीशी रचले होते. उसगावच्या अलीकडच्या उतारावर गाडीची मागची बाजू उचलल्यासारखी झाली आणि आरशात ट्रॉली डावीकडे-उजवीकडे डुलताना दिसली. ब्रेक दाबण्याचा मोह आवरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवले, गाडी आपोआप थांबली. त्यानंतर भर उन्हात दहा-बारा चिरे पुढे सरकवले, तेव्हा पुढचा प्रवास निमूटपणे झाला.

ओढणाऱ्या गाडीच्या माहितीपुस्तकात ट्रेलर ओढण्याची क्षमता दिली असेल तरच पुढे जा. बंद पडलेली गाडी ओढायला दिलेली कडी त्या कामाची नव्हे. हुकाखालून दोन साखळ्या एकमेकींवरून फुलीसारख्या घ्या, म्हणजे हुक सुटलाच तर दांडी रस्त्यावर न आपटता त्या झोळीत पडेल. मागचे दिवे, ब्रेकचा दिवा आणि इंडिकेटर ओढणाऱ्या गाडीच्या वायरिंगला जोडलेले हवेत. चोर्ल्याच्या उतारावर ताशी ४० ऐवजी ६० ने गेलात तर थांबवायची ऊर्जा सव्वादोन पट होते, आणि मागच्या ट्रेलरला चालता ब्रेक नसेल तर ती सगळी तुमच्याच ब्रेकपॅडवर येते. टायर जुनेच वापरू नका. नक्षी शाबूत दिसली तरी कडेवरचे चार आकडे वाचा. ‘२३१४’ असेल तर तो २०१४ सालच्या २३ व्या आठवड्यातला, म्हणजे निव्वळ शोभेचा.

प्रश्न : आम्ही ओम्नीच्या मागच्या सीट काढून फळ्यांचा पलंग केला आहे. रात्री दारे-काचा बंद करून झोपलो की सकाळी काचा आतून ओल्या होतात आणि गादीला बुरशी येते. छताला आतून काचलोकर (ग्लासवूल) लावली तर उपयोग होईल का? (एक वाचक, वाळपई)

उत्तर : काचलोकर लावू नका. ती ओल धरून ठेवते आणि पत्र्याला आतून गंज चढवते. सत्तरी तालुक्याच्या पावसात तर चार महिन्यांत. काचांवरचे पाणी तुमच्याच श्वासातले आहे, ते गार काचेला लागून थेंबांत उतरते. समोरासमोरच्या दोन काचा दोन बोटे खाली ठेवून बाहेरून जाळी लावा. पावसाचा थेंब आत येऊ नये म्हणून काचेवर पुढे झुकलेली पट्टी मिळते, ती लावून घ्या. फळ्यांमध्ये बोटभर फटी ठेवा म्हणजे गादीखालूनही वारा जाईल. उंबऱ्यांच्या तळाशी पाणी निथळायची भोके असतात, ती मातीने बुजलेली असतील तर तारेने मोकळी करा. छताच्या सांध्यांना सिलिकॉन न लावता पॉलियुरेथेन सीलंट लावा, कारण सिलिकॉनवर पुढे रंग बसत नाही.

प्रश्न : गाडी समुद्रकिनारी लावून बाहेर शेगडीवर जेवण करावे की आतच? (एक वाचिका, पेडणे)

उत्तर : किनाऱ्यावर करू नये. गोव्याचा पर्यटनस्थळांच्या संरक्षणाचा कायदा २००१ चा आहे आणि २०१९ मधील दुरुस्तीनंतर उघड्यावर स्वयंपाक केल्यास दंड होतो. गाडीच्या आत तर कधीच करू नये. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर गादीच्या पातळीवरच साचतो, आणि बंद जागेत शेगडी जळत राहिली तर तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वासही नसतो. घरून भाकरी आणि सुक्या बांगड्याची किसमूर न्यावी.