वडिलांच्या तळपायाला शुगरची जखम आहे, डॉक्टर ऑपरेशन म्हणतात. नुसत्या ड्रेसिंगने बरी होणार नाही का?

काही होतात. पण कुठली होईल ते पायाला रक्त किती पोचतंय त्यावर ठरतं. सर्जनना आधी तेवढंच विचारा, आणि रिपोर्ट हातात मागा.

एवढं ठासून सांगते कारण यावरून माझं आणि थोरल्या दिरांचं अजून धड बोलणं नाही. सासरे एसटीत कंडक्टर होते. शुगर जुनी, पाय बधिर. अंगठ्याजवळची भोवरी स्वतःच ब्लेडने तासायचे. दुखतच नव्हतं, म्हणून खुशाल. तिथे जखम झाली, मग शेजारचं बोट काळं पडलं. गावातल्या सर्जननी गुडघ्याखालून पाय काढायला सांगितला. डॉप्लर, म्हणजे पायात रक्त कसं वाहतंय ते बघायची सोनोग्राफी, केली का, असं मी विचारलं तर भाऊजी म्हणाले, "घोट्याचं प्रेशर नॉर्मल आलंय. तू काय डॉक्टर आहेस?"

नाही. पण माझी मैत्रीण नर्स आहे. जुन्या शुगरमध्ये रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचून त्या कडक होतात, पट्टा आवळला तरी दबत नाहीत, आणि घोट्याचं प्रेशर खोटंच चांगलं दिसतं, हे तिने फोनवर समजावलं. म्हणून पायाच्या अंगठ्याचं प्रेशर किंवा डॉप्लर बघायचं.

भांडून पुण्याला नेलं. पोटरीतल्या रक्तवाहिन्या चोंदलेल्या निघाल्या. आधी अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे फुगा घालून त्या उघडल्या. मग काळं बोट आणि त्यामागचं तळव्यातलं हाड काढलं, कारण जखमेत सळई घातली की थेट हाडाला टेकत होती, आणि एक्स-रेतही हाड कुजलेलं दिसलं. पुढे जखमेतलं पाणी मशीनने ओढून घेणारं व्हॅक्यूम ड्रेसिंग, शेवटी मांडीची कातडी लावली. भाऊजींचा हिशोब असा, की बोट गेलंच ना शेवटी, मग दुप्पट खर्च कशाला? अहो, माणूस स्वतःच्या पायाने संडासला जातोय, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

तेव्हा 'ऑपरेशन' म्हणजे काय करणार ते नीट विचारा. मेलेली कातडी खरवडणं, एक बोट काढणं आणि गुडघ्याखालून पाय काढणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बोटाला घाबरून दिवस घालवाल तर पाय जाईल.

आणि जखमेवर भार पडत राहिला तर कसलंही ड्रेसिंग फुकट. डॉ. पॉल ब्रँड वेल्लोरला कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांवरच्या जखमा, त्यांच्यावरचा भार कमी करणारं प्लास्टर घालून बऱ्या करायचे, तेच तत्त्व शुगरच्या पायाला लागू पडतं. रक्तपुरवठा चांगला असेल तर प्लास्टर मिळेल का विचारा. जखम भरल्यावर एमसीआरची, म्हणजे मऊ स्पंजसारख्या रबराची चप्पल, घरातसुद्धा. देवळात अनवाणी जायचं बंद.

हां, पाय सुजून लाल झालाय, ताप आहे, पू येतोय, वास मारतोय, असं असेल तर पुण्या-मुंबईच्या फेऱ्या मारत बसू नका. पू त्याच दिवशी काढावा लागतो, रक्तवाहिन्यांचं नंतर बघतात. जंतू रक्तात पसरले तर कधी कधी पाय काढणंच बरोबर असतं. तिथे मी भाऊजींच्या बाजूने उभी राहीन.

पण सही वडिलांची घ्या. आमच्याकडे सासरे शुद्धीवर, खाटेवर बसून चहा पीत होते, आणि फॉर्म थोरल्या मुलापुढे सरकवला होता.