तळ्याला दीपगृह कशाला?

प्रश्न : मुलाने अमेरिकेतून लेक सुपीरियरकाठच्या स्प्लिट रॉक दीपगृहाचा फोटो पाठवला. तळ्याला दीपगृह? आणि बंद असूनही इतकं चकचकीत कसं? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, लेकीकडे गेले होते तेव्हा मलाही असंच वाटलं होतं. काठावर उभी राहिले, तर पलीकडचा किनारा दिसेचना! नाव तळ्याचं, लाटा मात्र हर्णैच्या. नोव्हेंबर १९०५च्या वादळात तिथे बरीच जहाजं फुटली, म्हणून १९१० साली कड्यावर हा दिवा लागला. रस्ता नव्हता, सामान बोटीने आणून वर ओढलं. भिंग पॅरिसचं, पाऱ्यावर तरंगणारं. खाली सरकणाऱ्या वजनाच्या जोरावर ते फिरे, दर दहा सेकंदांनी एक झोत. वजन पुन्हा वर चढवायला रखवालदार रात्रभर जागा. (जावई म्हणाला, ‘तान्ह्या बाळासारखंच!’)

१९६९मध्ये दिवा विझला. आता मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटी ते राखते, भिंगही जागेवरच आहे. १९७५ साली याच तळ्यात ‘एडमंड फिट्झगेराल्ड’ जहाज २९ जणांसह बुडालं. दर १० नोव्हेंबरला त्यांची नावं वाचतात, घंटेचे टोल देतात आणि दिवा लावतात. मुलाला त्याच दिवशी जायला सांगा. फक्त कानटोपी विसरू नको म्हणावं.