“मॅडम, इस्ट्रोजेन परत चढलंय!”

स्तनाच्या कॅन्सरचे मोठे उपचार संपवून, इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनला अडवणाऱ्या गोळ्यांवर आलेल्या बायका हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. “रक्तातलं इस्ट्रोजेन तपासून घेऊ का? वाढलेलं निघालं तर कॅन्सर परत येणार का?” कॅन्सरच्या रुग्णांसोबत समुपदेशनाचं काम करताना भेटलेल्या एका काकूंची हकिगत त्यासाठी सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

काकू सांगली जिल्ह्यातल्या, वय ६१. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं पार पडलेलं आणि दीड वर्षापासून लेट्रोझोल ही अशीच एक गोळी चालू. सुनेला घेऊन आल्या आणि बसायच्या आधीच फाइलमधून तीन कागद काढून माझ्यासमोर ठेवले. गावाजवळच्या लॅबच्या ‘पॅकेज’मध्ये केलेल्या इस्ट्राडिऑलच्या, म्हणजे इस्ट्रोजेनच्याच मुख्य प्रकाराच्या, तपासण्या होत्या. आकडे ९, १४ आणि ३१. शेवटच्या आकड्याभोवती लाल पेनाने दोनदा गोल केलेला.

“बायोप्सीत ९५ टक्के इस्ट्रोजेन आलं होतं मॅडम. गोळीने उतरलं आणि आता परत चढलंय. मी सोयाबीन सोडलं, जवसाची चटणी सोडली, संक्रांतीला तिळगूळसुद्धा तोंडात घातला नाही. अजून काय सोडू?”

आधी मी बायोप्सीचा कागद मागितला. त्यावर ‘इआर पॉझिटिव्ह, ९५ टक्के’ असं होतं. ही तपासणी रक्ताची नसते, काढलेल्या गाठीच्या तुकड्याची असते. कॅन्सरच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेनला धरून ठेवणारी प्रथिनं असतात, त्यांना इस्ट्रोजेन रिसेप्टर, थोडक्यात इआर, म्हणतात. तुकड्याला विशिष्ट रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. काकूंच्या गाठीतल्या शंभरपैकी पंचाण्णव पेशींत ते रिसेप्टर दिसले, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. अंगात इस्ट्रोजेन किती आहे, हे त्यातून कळत नाही. हा गोंधळ मी इतक्या जणींच्या डोक्यात पाहिलाय, की रिपोर्ट हातात देतानाच कुणीतरी दोन मिनिटं बसून हे सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं. उलट ९५ टक्के ही त्यांच्या दृष्टीने चांगली बातमी होती. त्यांच्या गाठीवर हार्मोनची गोळी चालण्याची शक्यता त्यामुळेच जास्त.

मग रक्ताचे आकडे. पाळी चालू असताना इस्ट्राडिऑल महिन्याभरात तीस-चाळीसपासून काही शे पिकोग्रॅमपर्यंत वरखाली होतं. पाळी गेल्यावर अंडाशयाचं काम थांबतं. चरबीत आणि इतर पेशींत अरोमाटेज नावाचं एन्झाइम थोडंफार इस्ट्रोजेन बनवत राहतं, तेवढंच उरतं. लेट्रोझोल त्या एन्झाइमलाच अडवते. गोळी नीट चालू असली की बहुतेक जणींत पातळी मिलिलिटरला १ पिकोग्रॅमच्याही खाली जाते. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. नेहमीच्या लॅबमधलं यंत्र पाळी चालू असलेल्या बाईचं इस्ट्रोजेन मोजण्याच्या बेताने बनवलेलं असतं. त्यावर इतकी कमी पातळी मोजणं म्हणजे भाजीच्या काट्यावर केशर तोलणं. त्यासाठी मास स्पेक्ट्रोमेट्रीची पद्धत लागते, ती मोजक्याच ठिकाणी असते. म्हणून ९ आणि १४ मधला फरक खरा चढ होता, असं त्या कागदावरून कुणालाच म्हणता आलं नसतं.

पण ३१? मी विचारलं, “मधल्या काळात नवीन काही सुरू केलंत का? कुठलीही गोळी, पावडर, काढा?” काकू नाही म्हणाल्या. सूनबाईंनी मात्र पर्समधून एक पाकीट काढलं. “केस फार गळतात म्हणून ह्या देते त्यांना.” केस विरळ होणं हा लेट्रोझोलचाच त्रास. पाकिटावर बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) १० मिलिग्रॅम लिहिलेलं होतं. काही लॅबच्या किटमध्ये तपासणीसाठी बायोटिनच वापरलेलं असतं. रक्तात ते बाहेरून जास्त आलं, तर अशा किटवर इस्ट्राडिऑल खोटं वाढलेलं दिसतं. एक्सेमेस्टेन ही अरोमाटेज अडवणारी दुसरी गोळी घेणाऱ्या बायकांत तर गोळीची स्वतःची रचनाच इस्ट्रोजेनच्या जवळची, त्यामुळे तिथेही आकडा फसवा येऊ शकतो. टॅमॉक्सिफेनवरच्या तरुण बायकांत इस्ट्रोजेन खरोखर वाढलेलं सापडतं, पण ती गोळी रिसेप्टरच अडवून बसलेली असते, त्यामुळे नुसत्या वाढलेल्या आकड्यावरून गोळी निकामी ठरत नाही.

एवढं ऐकूनही काकूंचा चेहरा मोकळा झाला नाही. सूनबाई पाणी आणायला बाहेर गेल्या तेव्हा खरी गोष्ट निघाली. “मी गोळी एक दिवसाआड घेते. सकाळी बोटं वळत नाहीत, भाकरी थापता येत नाही. म्हटलं, रक्तात कमी राहिलं तर एक दिवसाआड चालेल.”

तीन-तीन महिन्यांनी तपासणी करायचं कारण हे होतं. आकडा कमी आला की गोळी चुकवायला धीर यायचा, वाढला की झोप उडायची. मी त्यांना दोष दिला नाही. अरोमाटेज अडवणाऱ्या गोळ्यांनी सांधे धरतात, हा कित्येक जणींचा त्रास आहे आणि घरात तो बोलून दाखवायचा संकोच असतो. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली: हा आकडा ना गोळी चुकवायची परवानगी देऊ शकतो, ना कॅन्सर परत आल्याची वर्दी. पाळी गेलेल्या निरोगी बायकांत इस्ट्रोजेन जास्त असेल तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढलेला दिसतो, २००२ साली नऊ अभ्यास एकत्र करून हे मांडलं गेलं. पण ते हजारो बायकांच्या गटाबद्दलचं निरीक्षण आहे. एकीच्या कॅन्सरवर लक्ष ठेवायला ही तपासणी वापरत नाहीत. त्यासाठी ठरल्या वेळी डॉक्टरांनी तपासणं, वर्षाला मॅमोग्राफी आणि नवीन गाठ, न थांबणारी हाडदुखी, दम लागणं असं काही जाणवलं तर लगेच दाखवणं.

इस्ट्राडिऑल कधीच तपासू नये, असा याचा अर्थ काढू नका. ४३ वर्षांच्या एका ताईंची पाळी केमोमुळे थांबली होती आणि त्यांना लेट्रोझोल देण्याचा विचार चालू होता. केमोने थांबलेलं अंडाशय पुन्हा जागं होऊ शकतं आणि तसं झालं तर लेट्रोझोल एकटी पुरत नाही. तिथे डॉक्टर संवेदनशील पद्धतीने इस्ट्राडिऑल आणि सोबत एफएसएच (अंडाशयाला चालना देणारं हार्मोन) मुद्दाम बघतात. काकूंची पाळी मात्र पन्नाशीतच आपोआप गेलेली, आजार होण्याच्या कितीतरी आधी.

त्याच दिवशी काकूंना त्यांच्या ऑन्कोलॉजिस्टकडे घेऊन गेले. एक दिवसाआडची गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितली, मी फक्त शेजारी बसले. डॉक्टरांनी तीन आठवडे गोळी थांबवून मग अॅनास्ट्रोझोल ही त्याच प्रकारची दुसरी गोळी सुरू करायचं ठरवलं, रोज चालायला आणि बोटांचे व्यायाम करायला सांगितलं, बायोटिन बंद केलं. रोजच्या जेवणातलं सोयाबीन, जवस, तीळ खायला हरकत नाही म्हणाले. इस्ट्राडिऑल पुन्हा करायची गरज नाही, हेही सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, “डेक्सा कधी केला?” तो केलेलाच नव्हता. या गोळ्यांनी हाडं विरळ होतात, म्हणून हाडांची घनता मोजणं गरजेचं, आणि नेमकी तीच तपासणी राहून गेली होती. मणक्याचा टी-स्कोअर, म्हणजे हाडांच्या घनतेचा आकडा, उणे २.१ आला; हाडं विरळ व्हायला लागली होती. कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व सुरू झालं. हाडांची झीज रोखणारं झोलेड्रॉनिक अॅसिडचं इंजेक्शन सहा महिन्यांनी एकदा ठरलंय. त्याआधी दात तपासून घ्यावे लागतात, कारण त्या औषधावर असताना दात काढायची वेळ आली तर जबड्याच्या हाडाला इजा होऊ शकते. पुढच्या आठवड्यातली दातांच्या डॉक्टरांची वेळ सूनबाईंनी तिथेच बसून फोनवर घेतली.