बाबा गेले तेव्हा रडला नाही, गेममधला माणूस मेला तेव्हा रडला

‘मुलगा मोठा झाला, नोकरीला लागला, तरी रात्र रात्र प्लेस्टेशनवर बसतो. हे व्यसन म्हणायचं का?’ समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. विचारणारी बहुतेक वेळा आई असते, हल्ली बायकोही असते. डोंबिवलीहून आलेल्या एका आईंनी तोच प्रश्न विचारला, पण त्यांची खरी तक्रार वेगळी होती. (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला दोघांची परवानगी आहे.)

“याचे बाबा गेले तेव्हा याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. तेरावा झाला आणि सोमवारी हा लॅपटॉप उघडून कामाला बसला. आणि मध्यंतरी एकदा मी रात्री पाणी प्यायला उठले, तर हॉलमध्ये टीव्हीसमोर बसून हुंदके देतोय. का, तर गेममधला कोणीतरी मेला! मॅडम, याचं डोकं ठिकाणावर आहे ना?”

त्यांचा मुलगा निखिल बाजूलाच बसला होता. मोबाइलच्या दुष्परिणामांवर भाषण ऐकायच्या तयारीने आलेला चेहरा. अशा वेळी मी ‘रोज किती तास खेळतोस?’ हा प्रश्न मागे ठेवते. तो विचारला की समोरचा वकिली करायला लागतो, तास कमी करून सांगतो, आई ते दुरुस्त करते आणि सत्र तिथेच संपतं. आईंना थोडा वेळ बाहेर बसायला सांगून मी त्याला विचारलं, “गेल्या काही महिन्यांत कोणते गेम पूर्ण केलेस? कसे वाटले?”

तो आधी थबकला, मग सुटलाच.

पहिला ‘गॉड ऑफ वॉर’, २०१८ सालचा. गेमबद्दल काहीच माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: क्रेटोस नावाचा एक दांडगा, अबोल बाप आहे. बायको वारली आहे. तिची शेवटची इच्छा अशी, की आपली राख सगळ्या विश्वांमधल्या सर्वांत उंच शिखरावरून उधळावी. बाप आणि लहान मुलगा अट्रियस ती राखेची पिशवी घेऊन निघतात. वाटेत राक्षस, देव, हाणामाऱ्या सगळं आहे, पण गोष्ट एवढीच. कॅमेरा सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुठेही न तुटता त्यांच्या मागे मागे चालतो. बाप मुलाला नावाने क्वचितच हाक मारतो, सारखं आपलं ‘बॉय’.

निखिलने मारामारीबद्दल दोन वाक्यं सांगितली. कुऱ्हाड फेकून परत हातात बोलावताना कंट्रोलर कसा थरथरतो, ते मात्र हात हलवून दाखवलं. मग म्हणाला, “त्यांना राख पोचवायला पंचवीस-तीस तास लागतात. आम्ही नाशिकला गेलो, रामकुंडावर गुरुजी घाईत होते, मागे पुढची मंडळी उभी होती. पंधरा मिनिटांत सगळं उरकलं. काका म्हणाले, चला, जेवून घेऊ.”

मी यात काही जोडलं नाही. तो पुढे बोलत होता.

दुसरा गेम ‘रेड डेड रिडेम्प्शन २’. काळ १८९९, अमेरिकेतली दरोडेखोरांची एक टोळी, आणि तिच्यातला आर्थर मॉर्गन. कर्ज वसूल करायला गेलेला आर्थर एका आजारी शेतकऱ्याला मारहाण करतो आणि त्याच्याकडून क्षय घेऊन येतो. हे खेळणाऱ्याला तेव्हा कळत नाही, खूप पुढे आर्थर रस्त्यात कोसळतो आणि डॉक्टर निदान सांगतो तेव्हा कळतं. त्यानंतर हातात तोच माणूस असतो, तोच घोडा, तीच बंदूक, पण तो खोकत असतो आणि दिवसेंदिवस खंगत जातो. उरलेल्या वेळात त्याने काय करायचं हे बऱ्याच अंशी खेळणाऱ्यावर असतं. चांगला वागला असेल आणि शेवटी मित्राला वाचवायचं ठरवलं, तर तो डोंगरावर उगवता सूर्य बघत मरतो. वाईट वागला असेल तर शेवटही वाईट होतो.

निखिलच्या बाबांना फुप्फुसांचा फायब्रोसिस होता, म्हणजे फुप्फुसं कडक होत जाण्याचा आजार. शेवटचं वर्षभर घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालू असायचा. निखिलचं काम घरूनच. मीटिंगमध्ये खोकला ऐकू जाऊ नये म्हणून तो हेडफोन लावून दार बंद करून बसायचा. त्यात गैर काही नव्हतं, नोकरी होती. पण आर्थरचा खोकला त्याच हेडफोनमधून ऐकू आला, तेव्हा त्याने ते काढून ठेवले. थोड्या वेळाने पुन्हा लावले. “म्हटलं, आता तरी ऐकतो.”

आईंना दिसलेलं रडणं त्या रात्रीचं.

इथवर कुणालाही कळेल की मुलगा बापासाठीच रडत होता. मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते त्यानंतरचं. आर्थर मेल्यावर हा गेम संपत नाही. बराच मोठा उपसंहार आहे, काही वर्षांनंतरचा. त्यात खेळणाऱ्याच्या हाती जॉन मार्स्टन येतो, म्हणजे तोच वाचलेला मित्र. आणि हा जॉन करतो काय, तर दुसऱ्याच्या गोठ्यातलं शेण काढतो, गाईचं दूध काढतो, बँकेचं कर्ज घेऊन जमीन घेतो, लाकडं आणून घर उभं करतो. पुष्कळ खेळणाऱ्यांना हा भाग रटाळ वाटतो. निखिललाही वाटला. “आर्थर गेला आणि मी कुंपण ठोकतोय! दोन आठवडे मी तो गेम लावलाच नाही.”

“मग?”

“मग लावला. घर बांधलं.”

मी विचारलं, “बाबांच्या कागदपत्रांचं काय झालं?” तो गप्प. मृत्यूचे दाखले काढले होते, पण बाकी फाइल कपाटात तशीच. बँक खातं, फ्लॅटचं सोसायटीत नाव बदलणं, आईचं कुटुंब निवृत्तिवेतन, सगळं पडून. म्हणजे घरात कुंपण ठोकायचं राहिलंच होतं, आणि आईला वाटत होतं की मुलगा गेममुळे विसरतोय.

आता व्यसनाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे, २०२२ पासून ते लागू आहे. त्यात तासांचा आकडा कुठेच दिलेला नाही. बघायचं असतं ते असं: खेळण्यावरचा ताबा सुटलाय का, बाकी सगळ्या आवडीनिवडी आणि रोजची कामं मागे पडून गेमच पुढे आलाय का, नुकसान दिसत असूनही खेळणं चालू आहे किंवा वाढतंय का. आणि हे साधारण बारा महिने चाललेलं असावं, त्याने घर, नोकरी, नातीगोती यांचं खरोखर बिघडलेलं असावं. निखिल नोकरी नीट करत होता, मित्रांकडे जात होता, नको वाटलं तेव्हा गेम दोन आठवडे बाजूला ठेवू शकला होता. त्याची झोप मात्र बिघडली होती, तेवढी तक्रार आईंची खरी होती आणि तिच्यावर आम्ही काम केलं.

आणखी एक गोष्ट आईवडिलांना सांगावीशी वाटते, कारण सगळे गेम एका टोपलीत टाकले जातात. गोष्ट असलेला, प्लेस्टेशनसारख्या कन्सोलवरचा गेम एकदा विकत घेतला की बहुतेक वेळा तो संपतो. पैसे लावायचे ऑनलाइन गेम संपू नयेत म्हणूनच बनवलेले असतात. २०२५ मध्ये केंद्राने त्यांच्यावर बंदीचा कायदा केला तो उगाच नाही. मुलगा खेळताना रडतो म्हणून मी घाबरत नाही. खात्यातून पैसे जातात आणि तो सांगत नाही, तेव्हा घाबरते.

आईंना आत बोलावलं. निखिलने परत थोडक्यात सांगितलं, नाशिकचं आणि हेडफोनचं. आई बराच वेळ पदराशी चाळा करत राहिल्या आणि मग जे बोलल्या ते ऐकून मला त्यांचा पहिला प्रश्न कळला. “रडायचं होतं तर माझ्याजवळ का नाही रडला? मी रोज एकटी रडते.”

गेमवरच्या तक्रारीत असं बरेचदा निघतं. दार बंद आहे, आत काहीतरी चाललंय आणि त्यात आपल्याला जागा नाही, याचं ते दुखणं असतं. निखिलचं उत्तर साधं होतं: “तू रडत होतीस म्हणून.” घरात एकाने तरी उभं राहायचं, हे काकांनी त्याला स्मशानातच सांगितलं होतं. ही वाक्यं आपल्याकडे किती सहज बोलली जातात, आणि ऐकणारा चोवीस वर्षांचा मुलगा ती किती महिने पाळत बसतो!

आम्ही फार मोठं काही ठरवलं नाही. रात्री बारानंतर प्लेस्टेशन बंद. आई हॉलमध्ये असल्या तर हेडफोन नाही. रविवारी सकाळी बाबांची फाइल घेऊन दोघांनी बसायचं, एका वेळी एकच कागद. पुढच्या भेटींत आम्ही गेमबद्दल कमी आणि बाबांबद्दल जास्त बोललो.

हेडफोन निघाल्यावर आई अधूनमधून बघायला लागल्या. ‘राजी’ हा गेम त्यांना आवडला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० मधला. राक्षसांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधायला निघालेली मुलगी, हातात दुर्गेचा त्रिशूळ. त्यांना गोष्ट कळत होती, त्यामुळे त्या सूचनाही करत होत्या. निखिलच्या मते त्याचा शेवट फार अचानक येतो, गेम संपल्यासारखा वाटतच नाही. आईंचं म्हणणं, गोष्ट बरी होती, पण पोरगी इतक्या उंचावरून उड्या मारते ते बघवत नाही.

निवृत्तिवेतनाचं काम झाल्यावर त्यांचा फोन आला. ते सांगून झाल्यावर म्हणाल्या, “मॅडम, एका नव्या गेमला पाच हजार रुपये? याचं काही करता येतं का बघा.” मी म्हटलं, जुना विकत घ्यायला सांगा, दुकानात मिळतात.