मन लागत नाही, मग प्रार्थना करून काय उपयोग?

प्रश्न : जय ख्रिस्त ताई. मी नाशिकरोडला राहतो, सातपूर एमआयडीसीत शिफ्टमध्ये कामाला आहे. लग्नाआधी युवक संघात होतो, कोयरमध्ये गायचो, उपवास प्रार्थना, संजीवन सभा काही म्हणजे काही चुकवायचो नाही. आता रविवारी चर्चला जातो पण नुसता बसून येतो, संदेश चालू असताना हात मोबाईलकडे जातो आणि रात्री बायबल उघडलं की दोन ओळींत डोळे मिटतात. देवावर राग नाही, मोठं काही वाईट केलेलं नाही, फक्त आतून काही वाटतच नाही. त्यात एका संदेशात ऐकलं की कोमट, म्हणजे भक्तीत ना गरम ना थंड अशा लोकांना प्रभू ओकून टाकणार, तेव्हापासून धास्ती बसलीय. मी ढोंगी झालोय का? चर्च बदलून बघू का?

उत्तर : जय ख्रिस्त दादा. आधी ती धास्ती काढू. ते वचन प्रकटीकरण 3 मधलं, लावदिकीयाच्या मंडळीला लिहिलेलं, आणि ती मंडळी काय म्हणत होती ते त्याच्याच पुढे आहे, की आम्ही श्रीमंत आहोत, आम्हाला कशाची गरज नाही. तुम्ही असं म्हणताय का? तुम्हाला तर आपलं काहीतरी हरवलंय हे टोचतंय, म्हणून पत्र लिहिलंत. ढोंगी माणूस असं पत्र लिहित नाही. आणि मी दाराशी उभा आहे, ठोकतोय, हे प्रभूने त्याच कोमट मंडळीला सांगितलंय, तो संदेश तिथपर्यंत पोहोचला नाही बहुतेक.

आता झोपेचं. 1 राजे 19 काढा. कर्मेल डोंगरावर देवाचं एवढं मोठं काम झाल्यावर एलीया संदेष्टा पळून जातो, झुडपाखाली आडवा होतो आणि मला मरण दे म्हणतो. देवाने त्याला तिथे उपदेश केला नाही, झोपू दिलं, दूताकडून भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, तो परत झोपला तर परत उठवून खायला घातलं, बोलणं झालं ते पुढे होरेब डोंगरावर. शिफ्ट करून दमून आलेल्या माणसाने रात्री अकराला बायबल उघडायचं आणि डोळे मिटले की स्वतःला पापी म्हणायचं, हे मला अजिबात पटत नाही. वेळ बदला. कामावर जाताना बसमध्ये एक स्तोत्र, नाहीतर जेवणाच्या सुट्टीत मार्कच्या शुभवर्तमानातला एक छोटा प्रसंग, बास. मात्र चर्चच नाही तर मुलं, जेवण, मित्र कशातच गोडी उरली नसेल, झोप-भूक बिघडली असेल तर डॉक्टरांना भेटा, त्यात विश्वास कमी पडला असं काही नसतं. आणि कोणाशी मनात अढी असेल, भावाशी बोलणं बंद असेल, तर ते आधी मिटवा, मत्तय 5 मध्ये प्रभू अर्पण वेदीपाशी ठेवून आधी तिकडे जायला सांगतो.

यातलं काहीच नसेल तर मग हा कोरडेपणा, आणि तो फार जुना आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एवाग्रियस नावाचा एक संन्यासी होता, त्याने याचं अगदी बारीक वर्णन केलंय. दुपारी सूर्य हलेनासा वाटतो, माणूस सारखा खिडकीतून बाहेर बघतो, आपली खोली नकोशी होते आणि वाटायला लागतं की दुसऱ्या कुठल्या जागी गेलो तर भक्ती चांगली होईल. चर्च बदलू का हा तुमचा प्रश्न मला तिथलाच वाटतो. नवीन ठिकाणी थोडे दिवस बरं वाटेल, मग तिथेही हात मोबाईलकडे जाईल. त्याचा सल्ला होता की जागा सोडू नकोस, तुम्हालाही मी तेच म्हणेन, निदान या मनस्थितीत तरी सोडू नका.

प्रार्थनेत काय बोलू, तर हेच बोला. प्रभू, आज काही वाटत नाहीये, यायचंही नव्हतं. स्तोत्र 88 पूर्ण तक्रार आहे आणि अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रात ठेवलंय, ते देवापाशीच बोललंय म्हणून. आपण उगाच गोड शब्द जुळवत बसतो आणि ते खोटे वाटले की प्रार्थनाच सोडून देतो.

प्रकटीकरण 2 मध्ये इफिसच्या मंडळीची पहिली प्रीती गेली होती, तिला प्रभू म्हणाला आठव, पश्चात्ताप कर आणि पहिली कामं कर. परत तसं वाटू दे असं म्हणाला नाही, कामं कर म्हणाला. तुमचं पहिलं काम गाणं होतं ना? पाळकसाहेबांशी बोला आणि सुट्टीच्या दिवशी कोयरच्या प्रॅक्टिसला जाऊन बसा, आवाज लागो न लागो. ते सिव्हिलला आजाऱ्यांना भेटायला जातील तेव्हा पिशवी धरायला बरोबर जा. घरी बायकोला हे सगळं सांगितलंय का? पत्रात तिचा उल्लेखच नाही. तिला सांगा, आणि तुम्हाला जमत नाही त्या दिवशी तिने मोठ्याने प्रार्थना करावी, तुम्ही फक्त आमेन म्हणा.

आपल्याकडे द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलमध्ये होते, बाग नुसती लाकडं दिसते, पण पुढच्या घडाची तयारी त्याच मोसमात काडीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे कोंबाच्या आत चालू असते, ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तो घड बाहेर येतो. एप्रिल-मेमध्ये घड दिसत नाही म्हणून दिंडोरीतला कुठलाही शेतकरी पाणी बंद करत नाही.

प्रश्न : ताई, मी दरवर्षी फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला जाते, तिथे मन भरून येतं, रडू येतं, आणि आठवड्यात परत होते तशीच. मग ते रडणं खोटं होतं का?

उत्तर : नाही हो, खोटं कशाला असेल. संत इग्नेशियस लोयोला (1491-1556) यांनी या चढउताराबद्दल खूप लिहिलंय, त्यातलं एक असं की मन भरलेलं असताना पुढच्या कोरड्या दिवसांची तयारी करून ठेवावी, आणि कोरड्या दिवसांत आधी केलेला चांगला निश्चय मोडू नये. पुढच्या यात्रेहून आलात की त्याच रात्री वहीत लिहा, काय मागितलं, काय कबूल केलं, कोणाला माफ केलं. ढोबळ नको, "रोज प्रार्थना करीन" असं तर नकोच, "बुधवारी सासूबाईंबरोबर रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणीन" असं लिहा, आणि त्या बुधवारी मन असो नसो, म्हणा.