स्वप्नातला खुनी आणि बुडालेलं गाव

प्रश्न : ‘इन ड्रीम्स’मध्ये क्लेअरला खुनाचं स्वप्न आधीच पडतं, तरी ती मुलीला वाचवू शकत नाही. ही पटकथेतली चूक नाही का? (वाचक, सातारा)

नाही, चित्रपटाचा सगळा डोलारा यावरच उभा आहे. नील जॉर्डनच्या या १९९९ च्या चित्रपटात अ‍ॅनेट बेनिंगच्या क्लेअरला स्वप्नात लहान मुलगी आणि तिला घेऊन जाणारा माणूस दिसतो. गावातली एक मुलगी बेपत्ता आहे, म्हणून हे घडून गेलेलं असावं असं ती धरून चालते. स्वप्न मात्र पुढचं असतं, आणि मुलगी तिची स्वतःची. दिसलं ते खरं, काळ ओळखण्यात चूक झाली. म्हणून दुसऱ्यांदा पाहताना सुरुवातीची स्वप्नं जास्त भिववतात.

कमकुवत भाग शेवटाकडे आहे. रॉबर्ट डाउनी ज्युनिअरचा खुनी बराच वेळ फक्त क्लेअरच्या डोक्यात असतो. तो समोर येऊन बोलू लागला की त्याला चेहरा आणि बालपण मिळतं, आणि भीती पातळ होते.

प्रश्न : ‘इन ड्रीम्स’मधलं पाण्याखालचं गाव खरं आहे का? आमच्याकडे उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, त्याची आठवण झाली. (वाचक, इंदापूर)

चित्रपटातलं गाव काल्पनिक, पण त्यामागचा इतिहास अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा आहे. बोस्टनला पाणी देण्यासाठी तिथे क्वाबिन जलाशय बांधला. त्यासाठी डाना, एनफील्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट ही चार गावं एप्रिल १९३८ मध्ये कागदोपत्रीही संपवण्यात आली. पाणी १९३९ पासून साठू लागलं आणि १९४६ मध्ये जलाशय भरला. सुमारे अडीच हजार माणसं हलली. साडेसात हजारांवर मृतांचे अवशेष उकरून दुसऱ्या दफनभूमीत नेले.

चित्रपट वास्तवापासून दूर जातो तो इथे : घरं, चर्च जागच्या जागी पाण्यात उभी दिसतात. प्रत्यक्षात पाणी चढण्याआधी इमारती पाडल्या किंवा हलवल्या, झाडं तोडली. पिण्याच्या पाण्यात लाकूड कुजू देणं परवडणारं नव्हतं. त्यामुळे पळसदेवच्या दगडी देवळासारखं काही तिथे वर येत नाही. पाण्याखालची दृश्यं मेक्सिकोतल्या बाहा इथल्या, ‘टायटॅनिक’साठी उभारलेल्या स्टुडिओच्या टाक्यांत चित्रित झाली.

प्रश्न : आम्ही लघुपट करतोय. स्वप्नात नायिका पाण्याखाली दिसायला हवी, पण तलाव परवडत नाही. (वाचक, पुणे)

पाण्याशिवाय करा. खोलीला काळे पडदे लावा, धुराचं यंत्र चालवा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. धूर सगळीकडे सारखा पसरला नाही तर त्याचे लोट दिसतात आणि फसवणूक लगेच उघडी पडते. सेकंदाला ४८ फ्रेम घ्या, संकलनात २४ वर चालवा, हालचाल निम्म्या वेगाची होईल. शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर प्रकाश पडण्याचा वेळ, १/१०० सेकंदाच्या आसपास ठेवा. २४ फ्रेमच्या नेहमीच्या १/५० पेक्षा प्रकाश निम्मा मिळतो, त्यामुळे दिवे वाढवावे लागतील.

लाटांच्या सावल्यांसाठी पसरट ट्रेमध्ये तळाशी आरशाचे तुकडे ठेवा, वर दोन बोटं पाणी घाला, दिवा तिरका मारा आणि पाणी हाताने सावकाश हलवा. दिव्याची वायर आणि बोर्ड ट्रेपासून लांब, उंचावर हवेत. ट्रेजवळच्या माणसाने दिव्याला हात लावायचा नाही.

सगळ्यात जास्त फसतात ते केस. ते खाली लोंबत राहिले तर धूर, निळा प्रकाश, सगळं वाया. पंखा खालून, अगदी मंद ठेवा. जोरात लावला तर पाणी न वाटता वारा वाटतो. कपडा हलका घ्या. नायिकेने पापण्या नेहमीपेक्षा सावकाश मिटाव्यात आणि त्या शॉटपुरता श्वास रोखावा, कारण छाती वरखाली झालेली कॅमेऱ्यात स्पष्ट दिसते.