‘वन्स अपॉन अ टाइम’बद्दलच्या फॅन थिअरींपैकी कुठल्या खऱ्या ठरल्या, आणि एवढ्या हुशार थिअरी फसल्या का?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की मालिकेचे सातही सीझन नुकतेच बघून झाले, मग जुन्या थिअरी वाचत बसलात, आणि मोटरसायकलवरून आलेल्या ऑगस्टबद्दलच्या थिअरी इतक्या पुराव्यानिशी मांडलेल्या असून का फसल्या ते कळत नाहीये. शिवाय असे अंदाज बांधण्यात काही अर्थ असतो की नुसता वेळ जातो, असंही विचारलंय. सविस्तर लिहिते, कारण विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. ज्यांनी मालिका बघितली नाही त्यांनी इथेच थांबा, पुढे सगळी गुपितं फुटणार आहेत. थोडक्यात आठवण: परीकथांतली पात्रं शापामुळे स्वतःला विसरून आपल्या जगात, स्टोरीब्रुक नावाच्या गावात राहतात. शाप मोडू शकणारी एमा ही स्नो व्हाइटची मुलगी, हेन्री हा एमाने दत्तक दिलेला मुलगा, आणि गावातला दुकानदार गोल्ड म्हणजे परीकथेतला जादूगार रम्पलस्टिल्टस्किन, म्हणजेच रम्पल.

माझं मत आधीच सांगते. या मालिकेत वस्तूंवरून बांधलेल्या थिअरी बहुतेक फसल्या. ‘हे पोर कोणाचं, आणि त्याचा हात कोणी सोडला?’ या प्रश्नावरून ज्यांनी विचार केला, ते बरोबर पोहोचले.

वस्तूंच्या मागे लोक का लागले तेही समजण्यासारखं आहे. मालिका एबीसी वाहिनीवर 23 ऑक्टोबर 2011 ला सुरू झाली. तिचे निर्माते एडवर्ड किट्सिस आणि अ‍ॅडम होरोविट्झ हे त्याआधी ‘लॉस्ट’ या गूढ मालिकेच्या लेखकांपैकी होते. ‘लॉस्ट’च्या प्रेक्षकाला प्रत्येक आकडा, प्रत्येक वेष्टन तपासायची सवय लागलेली. त्यात स्टोरीब्रुकचं घड्याळ 8:15 वर बंद पडलेलं, आणि ‘लॉस्ट’मधलं विमान 815 क्रमांकाचं! ‘लॉस्ट’मधलं अपोलो चॉकलेटही इथे दिसतं. मग दोन्ही मालिकांचं जग एकच आहे इथपर्यंत तर्क गेले. पण ही लेखकांनी जुन्या प्रेक्षकांना केलेली ओळखीची खूण होती, तिच्यामागे कथा नव्हती. घड्याळाचा कथेतला अर्थ पहिल्याच भागाच्या शेवटी सांगून झाला होता: एमा गावात राहायचं ठरवते आणि काटा हलतो.

आता ऑगस्ट. पहिल्या सीझनच्या मध्यावर हा माणूस पेटी घेऊन गावात येतो. पेटीत टाइपरायटर निघतो, स्वतःला तो लेखक म्हणवतो, हेन्रीकडच्या परीकथांच्या पुस्तकात गुपचूप पानं घालतो. तेव्हा दोन थिअरी जोरात होत्या. एक, हा ग्रिम बंधूंपैकी कुणीतरी, म्हणजे या सगळ्या गोष्टींचा लेखक. दुसरी, हा रम्पलचा हरवलेला मुलगा बेलफायर, म्हणजे बेल. टाइपरायटर आणि पुस्तक ही पहिल्या थिअरीची भिस्त. दुसरीकडे पुरावे जास्त भक्कम होते: तो बाहेरच्या जगातून आला, त्याला सगळं माहीत आहे, आणि तो गोल्डच्या दुकानाभोवती घोटाळतोय.

याच्यापुढे लेखकांनी जे केलं ते मला या मालिकेतलं सगळ्यात हुशार काम वाटतं. त्यांनी प्रेक्षकांची थिअरी उचलून थेट गोल्डच्या डोक्यात घातली. पहिल्या सीझनचा 19 वा भाग परत लावा. गोल्ड ऑगस्टच्या खोलीत शिरतो आणि त्याला स्वतःच्या खंजिराचं चित्र सापडतं (तो खंजीर ज्याच्या हाती, गोल्ड त्याच्या ताब्यात). तो मठातल्या मदर सुपीरियरला विचारतो, हा कशासाठी आला होता? ती सांगते, बऱ्याच वर्षांपूर्वी ताटातूट झालेल्या वडिलांना शोधायला. तिचं बोलणं अक्षर न् अक्षर खरं आहे. ऑगस्ट वडिलांनाच शोधत असतो, फक्त ते वडील म्हणजे मार्को सुतार, पलीकडच्या जगातला जेपेटो, आणि ऑगस्ट म्हणजे त्याचा लाकडाचा मुलगा पिनोकिओ. एकच वाक्य दोन बापांना लागू पडतं, आणि गोल्ड ते आपल्या अपराधाच्या भाराखाली ऐकतो.

मग जंगलातला प्रसंग. गोल्ड रडत माफी मागतो, मिठी मारतो. ऑगस्ट माफ करतो आणि लगेच खंजिराचा विषय निघतो. गोल्ड तो पुरलेला खंजीर उकरून त्याच्या हातात देतो. ऑगस्ट मंत्र म्हणून ‘डार्क वन’ला, म्हणजे गोल्डलाच, ताब्यात घ्यायला बघतो आणि त्या क्षणी गोल्डला कळतं की हा आपला मुलगा नाही. का? कारण बेलला वडिलांची जादू सुटायला हवी होती. त्यासाठीच तर त्याने जादू नसलेल्या जगाची वाट शोधली. ती शक्ती ताब्यात घ्यायला तो कधीच धडपडला नसता. त्याच भागात मागच्या काळाची गोष्ट चालू आहे, आणि तिच्या शेवटी रम्पल जमिनीत रोवलेला तोच खंजीर एका हाताने घट्ट धरून दुसऱ्या हातातून मुलाचा हात सोडून देतो. ही दोन दृश्यं एकाच भागात उगाच ठेवलेली नाहीत. बेलफायर-थिअरी मांडणाऱ्यांनी ऑगस्टला काय काय माहीत आहे ते मोजलं. त्याला काय हवं आहे हे विचारलं असतं तर तो बेल नाही हे तिथेच कळलं असतं.

हे मला नीट दिसलं ते माझ्या आतेमुळे. वेंगुर्ला तालुक्यातल्या आमच्या घरी चतुर्थीला चाकरमानी भावंडं आली की रात्रीची आरती-भजनं आटोपून माजघरात लॅपटॉपवर काहीतरी बघणं चालतं. एका वर्षी आम्ही हीच मालिका लावली. आतेला इंग्रजी येत नाही. ती वाती वळत बसायची आणि आमच्यातलं कोणीतरी मालवणीत सांगत जायचं. ऑगस्ट पडद्यावर आला तसं तिने नाव विचारलं नाही, विचारलं, “हो कोणाचो?” माहीत नाही म्हटल्यावर म्हणाली, “बापाशीक शोधूक इलो आसतलो.” माझ्या चुलतभावाने लगेच बेलफायरची सगळी थिअरी पुराव्यानिशी समजावून दिली. तिने ऐकून घेतली. पण जंगलातल्या प्रसंगात खंजिराचा विषय निघाला मात्र, तिचा हात वातीवरच थांबला. “न्हय गो, हो तेचो झील न्हय. इतक्या वर्सांनी बापूस गावलो आणि हो सुरी मागता?”

गोल्डच्या लक्षात यायच्या आधी तिच्या लक्षात आलं होतं.

यात चमत्कार काही नाही. आमच्याकडे अनोळखी माणूस दिसला की नाव नंतर, आधी घर आणि घराणं. आणि तिची सगळी हयात दशावतार बघण्यात गेली आहे. जत्रेच्या रात्री रंगमंचावर कुणी साधू किंवा बटू भिक्षा मागायला आला की तो वेष पालटून आलाय हे प्रेक्षकांतल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. कान लागलेले असतात ते तो काय मागतो त्याकडे. बळीच्या दारी आलेला बटू तीन पावलं जमीन मागतो, आणि त्या मागण्यातच तो कोण ते येतं. आतेने ऑगस्टला नेमक्या त्याच कानाने ऐकलं.

दुसरंही एक कारण असावं. तिचा मोठा मुलगा शिकायला म्हणून मुंबईला काकांकडे गेला तो तिथलाच झाला. सिंधुदुर्गात अशी घरं पावलोपावली आहेत. मूल दुसऱ्याच्या हाती सोपवणं काय असतं आणि त्याचं वर्षानुवर्षं काय होतं, हे या बायकांना कुणी समजावून द्यावं लागत नाही.

आणि मालिका नेमकी त्यावरच उभी आहे. स्नो आणि तिचा नवरा चार्मिंग शापापासून वाचवायला नवजात एमाला जादूच्या कपाटात ठेवून आपल्या जगात पाठवतात. जेपेटो पिनोकिओला त्याच कपाटातून आधी पाठवतो, आणि त्यासाठी कपाटात एकाचीच जागा आहे असं निळ्या परीकडून खोटं वदवतो. दुसरी जागा होती ती गरोदर स्नोसाठी, पण एमा आधीच जन्मली आणि त्या जागेत ती एकटीच गेली. म्हणजे एमा आईवाचून वाढली त्याला शापाइतकाच एका प्रेमळ म्हाताऱ्याचा पुत्रमोहही जबाबदार आहे! पुढे तो सात वर्षांचा पिनोकिओ एमाला अनाथाश्रमात टाकून पळतो. रम्पल बेलचा हात सोडतो. मोठा झालेला बेल एमाला सोडतो. एमा तुरुंगात जन्मलेल्या हेन्रीला दत्तक देते. 20 व्या भागात ऑगस्ट लाकूड होत चाललेला पाय एमाला दाखवतो आणि तिला तो दिसतच नाही. लोक त्या पायाकडे जादूचा पुरावा म्हणून बघतात. मला तिथे दिलेलं वचन मोडलेला भाऊ दिसतो, जिला टाकलं तिच्याचकडे मदत मागणारा.

हे धरलंत की पुढचे अंदाज सोपे होतात. दुसऱ्या सीझनच्या सहाव्या भागात एमाचा जुना प्रियकर नील येतो. ऑगस्ट त्याला पेटीतलं काहीतरी दाखवतो आणि तो एमाला पोलिसांच्या हाती सोडून निघून जातो. पेटीत काय होतं यावर लोकांनी भरपूर डोकं लढवलं. पण प्रश्न असा होता: कोणत्या माणसाला जादूची नुसती खूण दिसली की प्रेमावरही पाणी सोडून पळावंसं वाटेल? ज्याचं बालपण जादूने मोडलं त्याला. रम्पलचा मुलगा अजून सापडायचा होताच. नील म्हणजेच बेलफायर, हे अनेकांनी तेव्हाच ओळखलं आणि 14 व्या भागात ते खरं ठरलं. इथे थिअरी बांधणाऱ्यांचं मनापासून कौतुक करायला हवं.

तिसऱ्या सीझनमध्ये पीटर पॅन हा रम्पलचा बाप निघतो तेही असंच. वयाचा हिशोब घालत बसलात तर वेड लागेल, कारण हेन्रीचा पणजोबा हेन्रीपेक्षा जेमतेम थोराड दिसतो. पण रम्पलला स्वतःच्या मुलाचा हात सोडताना जी भीती वाटली ती आली कुठून, हे विचारा. त्यालाही लहानपणी बापाने सोडलं होतं, आणि बापाला त्या बदल्यात कायमचं तरुणपण हवं होतं.

दुसरा एक नियमही तुम्हाला उपयोगी पडेल: ही मालिका दोन-तीन गोष्टींमधली पात्रं एका माणसात घालते. रम्पलच बेलचा ‘बीस्ट’ आणि हुकची मगर (इथली बेल म्हणजे रम्पलची बायको, मुलाच्या नावाशी गल्लत नको). लाल टोपीवाली रूबी हीच लांडगा. हे ज्यांच्या लक्षात आलं त्यांनी पुढे बरंच अचूक ओळखलं. वस्तूंवरून किंवा नावावरून बांधलेली थिअरी कधीच लागू पडली नाही असंही नाही. डॉक्टर व्हेल हा फ्रँकेनस्टाइन निघाला, आणि 1931 च्या ‘फ्रँकेनस्टाइन’ चित्रपटाच्या दिग्दर्शकाचं नाव होतं जेम्स व्हेल. ज्यांना जुने चित्रपट माहीत होते त्यांना ते सापडलं असेल. पण ते ज्ञान मालिकेबाहेरचं. मालिका बघणाऱ्या आतेला ते सापडणं शक्य नव्हतं, म्हणून अशा क्लूचं मला फारसं अप्रूप नाही.

पुस्तकाचा लेखक ऑगस्ट, ही थिअरी अर्धवट जगली. लेखक आहे हे खरं, पण तो चौथ्या सीझनमधला आयझॅक, आणि नंतर ती जागा हेन्रीकडे येते. ‘हे सगळं हेन्रीच्या डोक्यात चाललंय’ ही थिअरी मात्र मला मनापासून नावडते. कुठल्याही मालिकेला ती लावता येते, आणि तिने एकाही पात्राबद्दल काही नवीन कळत नाही.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: अर्थ आहे, भरपूर आहे. बरोबर ओळखण्यापेक्षा, अंदाज बांधताना आपण पात्राकडे किती बारकाईने बघतो यात तो आहे. ऑगस्ट म्हणजे बेल असं मानून 19 वा भाग एकदा बघा, तो पिनोकिओ आहे हे धरून पुन्हा बघा, आणि लगेच 20 वा लावा. त्याची तीच वाक्यं वेगळी ऐकू येतील, विशेषतः मार्कोच्या कार्यशाळेत तो मदतीला येतो तिथली. स्वतः कोण हे न सांगता तो बापाच्या शेजारी उभा राहून काम करतो.

आता निळी परी. ती आतून दुष्ट आहे ही थिअरी शेवटपर्यंत खरी ठरली नाही, हे तुम्ही पाहिलंच. तरी मी ती पूर्ण सोडलेली नाही. बेलला जादूची बी तिने दिली आणि बापलेक तुटले. कपाटाबद्दल खोटं ती बोलली आणि मायलेकी तुटल्या. 19 व्या भागात गोल्डला अर्धंच खरं सांगणारी मदर सुपीरियरही तीच. मालिका तिला कुणासमोर उभं करून याचा जाब विचारत नाही, आणि ही मला लेखकांनी राखलेली उणीव वाटते. तुम्हाला दुसऱ्यांदा बघताना तिच्या बाजूने बोलणारा एखादा प्रसंग सापडला तर खाली जरूर लिहा, मला तो हवा आहे.